अर्धी गाडी

शिंप्याची पहिली गाडी अर्धीच होती. उरलेली अर्धी त्याच्या साडूची. थोरली बहीण शिंप्याला दिलेली, धाकटी बेकरीवाल्याला, आणि दोन्ही घरं एकाच गल्लीत. मध्ये एक लाँड्री आणि छपाईचं एक बंद पडलेलं दुकान, एवढंच अंतर. गाडी एकट्याच्या आवाक्यातली नव्हती. दोघांत मिळून घ्यावी ही कल्पना बहिणींची. त्यांनी ती आपापल्या नवऱ्याच्या गळी अशी बेमालूम उतरवली, की शेवटपर्यंत दोघांनाही वाटत राहिलं, आपल्यालाच सुचली होती.

गाडी गुरांच्या डॉक्टरची होती. डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला चालले होते. रंग फिकट हिरवा, एक दरवाजा जरा वेगळ्या हिरव्याचा. डिकीचं झाकण दोरीनं बांधलेलं. मागच्या सीटला एका वासरानं खुरानं पाडलेली फट होती आणि सगळ्या गाडीला औषधाचा वास मारत होता. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. डॉक्टरांनी या सगळ्या गोष्टी लपवल्या नाहीत, प्रामाणिकपणे दाखवल्या, आणि किल्ली देताना म्हणाले, "उभी करताना गिअरात ठेवून उभी करत जा. बाकी गुणाची आहे."

गाडीचं नाव 'डॉक्टर' पडलं ते कुत्र्यांमुळे. गावातल्या यच्चयावत कुत्र्यांनी या गाडीतून उतरलेल्या माणसाच्या हातून सुया टोचून घेतल्या होत्या. गाडी गल्लीत शिरली की भुंकणारी कुत्री एकदम गप्प व्हायची आणि शेपटी आत घेऊन ओट्याखाली जाऊन बसायची. "डॉक्टर आले वाटतं," लाँड्रीवाला इस्त्रीवरून मान वर न करता म्हणायचा.

पहिले काही दिवस दोघं साडू नव्या नवरदेवासारखे वागत होते. गाडी धुवायला दोघं, हवा भरायला दोघं. बेकरीवाल्याला आधीपासून गाडी चालवता येत होती. शिंपी नुकताच शिकला होता. तो बुटका, काटकुळा, मोजूनमापून बोलणारा. साडू उंच, पोट सुटलेला, आणि बोलायला लागला की भट्टीसारखा तापत जाणारा. तरी दोघांचं चांगलं जमायचं. संध्याकाळी दुकान बंद करून शिंपी बेकरीत जायचा. भट्टीच्या मागच्या भिंतीशी एक बाकडं होतं, भिंत गरम असायची, तिला पाठ टेकून दोघं चहा प्यायचे आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर मत द्यायचे.

मग पहिल्याच लांबच्या फेरीला माशी शिंकली.

सासऱ्यांचं घर टेकडीवर होतं. दोन्ही कुटुंबं, पोरंबाळं, डबे, सगळं कोंबून गाडी निघाली. घरासमोरचा शेवटचा चढ आला तेव्हा गाडी शिंप्याच्या हातात होती. साडू शेजारी बसून सूचना देत होता.

"दुसरा टाका. दुसरा! आता पहिला टाका."

समोरून बाग साफ करून कचऱ्याची ढकलगाडी ढकलत कुणीतरी आडवं आलं. शिंप्यानं गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, पाय ब्रेकवरून काढला, आणि गाडी सावकाश मागं जायला लागली.

"ब्रेक! अहो, ब्रेक!"

"ओढलाय की!"

"मग गाडी काय माझ्या सांगण्यावरून मागं चाललीय? पाय! पायानं दाबा!"

पाय क्लचवर पडला. गाडी शेजाऱ्यांच्या फाटकाच्या खांबाला जाऊन टेकली. मागचा दिवा फुटला आणि खांबावरचा दगडी गोळा घरंगळत गटारात गेला. कुणाला काही लागलं नाही. पोरांना तर मजाच वाटली, पुन्हा करा म्हणाली. सासरे स्वागताला हात पसरून उभे होते ते तसेच हात पसरून उभे राहिले.

तिथंच मिटलं असतं. पण जेवताना साडूला राहवेना. त्यानं शिंप्याचा त्या वेळचा चेहरा करून दाखवला, डोळे विस्फारून, स्टिअरिंग छातीशी धरून. धाकटी हसली, पोरं हसली, खुद्द थोरली पदराआड हसली. साडूला चेव आला. "कात्री आणि क्लच यात फरक असतो, साडूभाऊ. एक हातानं दाबायची, एक पायानं."

शिंप्यानं घास खाली ठेवला. "कानाशी सारखं कुणी 'हे टाका, ते सोडा' करत बसलं तर माणूस काय टाकणार आणि काय सोडणार? पावात भरायची हवा तुम्ही तोंडात भरून बसता, म्हणून असं होतं."

"म्हणजे खांबाला मी धडकवली?"

"मी तसं म्हटलं नाही. पण म्हणायला हरकत नाही."

"जाऊ द्या हो," सासरे म्हणाले, "खांब जुनाच होता." त्यांनी हे म्हणायला नको होतं. कारण त्यानंतर खांब किती जुना, गाडी किती जुनी, आणि कोणाच्या सांगण्यावरून जुनी घेतली, हे सगळं निघालं. परत येताना साडूचं कुटुंब गाडीतून आलं आणि शिंप्याचं बसनं.

बोलणं बंद झालं ते झालंच. गाडी मात्र दोघांची होती, तिला मधोमध कापता येत नव्हतं. शेवटी बहिणींनी तोडगा काढला: एक आठवडा याचा, एक आठवडा त्याचा. रविवारी सकाळी किल्ली थोरलीच्या हातून धाकटीच्या हातात किंवा उलट. साड्या बदलाव्यात तशा सहजतेनं त्या किल्ली बदलायच्या, वर तासभर गप्पाही मारायच्या. नवऱ्यांच्या भांडणाची त्यांना फारशी दखल घ्यावीशी वाटली नाही.

शिंप्याचा आठवडा सुरू झाला की पहिल्यांदा त्याच्या डोक्यात तिडीक जायची ती सीटमुळे. साडू सीट पार मागं सरकवून ठेवायचा. शिंपी बसला की पाय हवेत आणि आरशात छत. "मुद्दाम करतो," तो बायकोला म्हणायचा.

"त्याचे पाय लांब आहेत," ती म्हणायची. "ते कापून ठेवू का त्यानं?"

शिवाय सगळीकडे पीठ. स्टिअरिंगवर पीठ, गिअरवर पीठ. काळ्या कोटाचं कापड आणायला गेला तर घरी येईपर्यंत ते करडं. उलट साडूचीही तक्रार धाकटीमार्फत यायची: सीटवर टाचणी होती, आणि ती कशी सापडली हे सांगता येण्यासारखं नाही.

शिंप्यानं यावर उपाय म्हणून सीटला कव्हरं शिवली. कोटांच्या उरलेल्या तुकड्यांची, करड्या लोकरी कापडाची, दुहेरी शिलाईची. मागच्या बाजूला सामान ठेवायला एक खिसा. वासराची फटही त्यात झाकली गेली. त्याला वाटलं होतं, साडू ती काढून टाकेल, निदान पिठानं बरबटवून तरी ठेवेल. आठवडा संपून गाडी आली तेव्हा कव्हरं जागच्या जागी होती आणि ब्रशनं झटकल्यासारखी स्वच्छ. मागच्या खिशात कागदात गुंडाळलेला एक गोड पाव होता. चुकून राहिला की ठेवला, कळायला मार्ग नव्हता. शिंप्यानं इकडेतिकडे बघून तो खाऊन टाकला.

बेकरीत जाणं त्यानं बंद केलं होतं, आणि तिथला पाव घरात आणायचा नाही असं बजावलंही होतं. थोरली "चौकातल्या बेकरीतला आहे" म्हणून पाव आणायची. पहिल्याच घासाला त्याला कळायचं की हा कुठला. तो आणखी एक घ्यायचा. संध्याकाळी मात्र त्याला काय करावं सुचायचं नाही. थंडीच्या दिवसांत त्याला ती गरम भिंत आठवायची, आणि भिंतीबरोबर साडूचा आवाज. मग तो उगाचच एखाद्या पँटची तळशिलाई उसवून पुन्हा घालत बसायचा.

असं वर्ष होत आलं असेल. एका दुपारी धाकटी दुकानात आली. तिचा चेहरा बघूनच शिंप्यानं मशीनवरचा पाय थांबवला.

"भाऊजी, यांचा हात भाजलाय. भट्टीतला ट्रे उजव्या हातावर आला. कोपरापर्यंत पट्टी बांधलीय."

"डॉक्टरांकडे—"

"जाऊन आलो. बरा होईल म्हणतात, पण बरेच दिवस हात हलवायचा नाही. भट्टी मी आणि कारागीर सांभाळू. पण माल पोचवायचं काय? सकाळी वसतिगृहाला पाव जातो, दुकानांना जातो, टेकाडावरच्या इस्पितळाला जातो. मला गाडी येत नाही."

शिंपी टेपशी चाळा करत राहिला. "त्यांनी पाठवलं का तुला?"

"ते कशाला पाठवतील? ते म्हणाले, एका हातानं चालवतो. म्हणून मी आले." तिनं किल्ली टेबलावर ठेवली. "तुमची भांडणं तुमच्यापाशी ठेवा. इस्पितळातल्या माणसांना उद्या पाव लागणार."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत शिंपी बेकरीच्या दाराशी उभा राहिला. धाकटीनं आणि कारागिरानं लाकडी खोकी मागच्या सीटवर रचली. ताज्या पावाच्या वाफेनं काचा धूसर झाल्या. एवढ्यात साडू आला, हात गळ्यात बांधलेला, आणि शेजारच्या सीटवर बसला. कुठे काय द्यायचं ते त्यालाच माहीत होतं, त्यामुळे त्याला येणं भाग होतं. शिंप्यानं सीट पुढे ओढली. साडू खिडकीबाहेर बघत राहिला.

पहिलं वळण तसंच निघून गेलं. साडूनं घसा खाकरला आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, मागं राहिलं वसतिगृह."

शिंप्याला क्षणभर कळेना. मग कळलं. त्यानं गाडी थांबवली आणि डॅशबोर्डला उद्देशून म्हणाला, "डॉक्टर, जरा आधी सांगायला सांगा."

"डॉक्टर, सांगितलं तर म्हणतात कानाशी बोलतो."

"डॉक्टर, सांगण्यात आणि ओरडण्यात फरक असतो."

पुढचे कित्येक दिवस असंच चाललं. डावीकडे घ्यायला सांगणं, उजवीकडे घ्यायला सांगणं, हिशेब, शिव्या, सगळं डॉक्टरमार्फत. डावं वळण आलं की हॉर्न आपला वाजायचा, आणि त्या रस्त्यावरच्या बायका तो ऐकून पिशव्या घेऊन दारात यायला लागल्या. दोघांना ही नवी गिऱ्हाइकं फुकट मिळाली. "डॉक्टर, हॉर्न दुरुस्त करायचा नाही," साडू म्हणाला. "डॉक्टर, कोण करतंय," शिंपी म्हणाला.

एक गोष्ट मात्र साडूच्या लक्षात आली होती. इस्पितळाला जायला सरळ चढाचा रस्ता असताना शिंपी रोज तळ्याला वळसा घालून मागच्या सपाट रस्त्यानं जायचा. पाव निवायचा. साडू बरेच दिवस गप्प बसला. मग एका सकाळी म्हणाला, "डॉक्टर, चढ समोर आहे." नेहमीचा चढा सूर त्यात नव्हता.

शिंप्याचे कान तापले. खांबाला टेकल्या दिवसापासून तो एकाही चढावर गेला नव्हता आणि हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"डॉक्टर, घाबरायचं काही नाही," साडू पुढे म्हणाला. "क्लच हळूहळू सोडायचा. गाडी जिथं थरथरते तिथं पाय धरून ठेवायचा. तिथं ती आपल्याला धरते."

शिंप्यानं स्टिअरिंग चढाच्या दिशेनं वळवलं.

अर्ध्यापर्यंत गाडी छान चढली. मग पुढे दुधाचा ट्रक थांबला आणि त्यातून कॅन उतरवायला लागले. शिंप्यालाही थांबावं लागलं. त्यानं हँडब्रेक ओढला, पार वरपर्यंत, आणि शिकवलं होतं तसा पाय ब्रेकवरून उचलून ॲक्सिलरेटरवर नेला. गाडी मागं जायला लागली. पाठीमागं पावाची खोकी एकमेकांवर आपटली.

"ओढलाय!" शिंपी ओरडला. "ओढलाय, बघा!"

साडूनं बघितलं. हँडब्रेकचा दांडा सरळ उभा होता आणि गाडी खुशाल मागं चालली होती. त्यानं डाव्या हातानं दार उघडलं, उडी टाकली, मागचं दार उघडून हाताला लागलं ते पावाचं खोकं खेचलं आणि मागच्या चाकाखाली लाथेनं ढकललं. लाकूड कडाडलं. गाडी एक हिसका देऊन थांबली.

शिंपी दोन्ही पाय ब्रेकवर रोवून बसला होता. साडू धापा टाकत खिडकीशी आला. त्यानं आत हात घालून हँडब्रेक खाली केला, पुन्हा वर ओढला, पुन्हा खाली. दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरत होता.

"याला काही धरतच नाहीये," तो म्हणाला. "आतली तार तुटलेलीय."

"मग तुम्हाला आजवर कळलं कसं नाही?"

"मी हा चढ एका दमात चढतो. कधी थांबलोच नाही. आणि उभी करताना गिअरात ठेवतो, डॉक्टरांनी सांगितलं तसं."

"मीही तसंच ठेवतो."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मधे कुणी डॉक्टर नव्हते हे आधी शिंप्याच्या लक्षात आलं.

"म्हणजे त्या दिवशीही..." तो म्हणाला.

"त्या दिवशीही तारच," साडू म्हणाला. "आणि मी तुमची सासुरवाडीत नक्कल केली." मग म्हणाला, "नक्कल चांगली झाली होती, ते सोडा."

शिंपी हसायला लागला. पाय ब्रेकवरून काढता येत नव्हते, पोट धरता येत नव्हतं, नुसता खांदे उडवत हसत होता. साडू भाजलेला हात सांभाळत टपावर डोकं टेकवून हसत होता. दुधाच्या ट्रकवाल्याला काय झालंय तेच कळेना. चपटे झालेले पाव रस्त्यावर पसरले होते, आणि वाऱ्याबरोबर त्यांचा वास पोचून दोनतीन कुत्री कोपऱ्यापर्यंत आली होती, पण पुढे यायची त्यांची हिंमत होत नव्हती.

इस्पितळाला त्या दिवशी पाव कमी पडला. साडूनं तिथल्या मुकादमाला खरं काय ते सांगितलं, आणि संध्याकाळी दोन्ही घरी त्यावर एवढी चर्चा झाली की बहिणींनी कानांवर हात ठेवले. मेकॅनिकनं गाडीखाली झोपून तार काढून दाखवली. मधे गंजून केव्हाच तुटलेली. "ही काही वर्षभरातली नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांच्याच वेळची." ते एकच वाक्य साडूनं त्याला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं, एकदा सासऱ्यांना फोनवर ऐकवण्यासाठी. दगडी गोळा मात्र दोघांनी मिळून करून दिला, नवा, आधीच्यापेक्षा थोडा मोठा.

साडूचा हात बरा व्हायला वेळ लागला. तोवर शिंपी रोज चढानंच जायचा. सवय झाल्यावर उतारापेक्षा त्याला चढच आवडायला लागला. आठवड्याची वाटणी बंद झाली आणि किल्ली बेकरीतल्या खिळ्याला लटकायला लागली. ज्याला हवी त्यानं घ्यावी. सीटचा वाद काही मिटला नाही. पण आता शिंपी तो समोरासमोर घालायचा, गरम भिंतीला पाठ टेकून.

धाकटीनं त्याच काळात गाडी शिकून घेतली. "पुन्हा कुणाच्या दारात किल्ली ठेवायची वेळ नको," असं ती म्हणाली. तिला शिकवायला नवरा बसला तर पहिल्याच दिवशी तिनं त्याला भर रस्त्यात उतरवलं. मग शिंप्यानं शिकवलं, तोंडातून अवाक्षर न काढता, आणि ती चटकन शिकली.

डॉक्टरनं पुढे बरीच वर्षं काढली. दोन्ही घरची पोरं तिच्यातूनच शाळेत गेली, गॅदरिंगचे कपडे तिच्यातून गेले, लग्नाचे केक गेले. पोरं आता मोठी झालीत, त्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत, पण गप्पा निघाल्या की विषय हिरव्या गाडीवर येतो. शिंप्याच्या मुलीला मागच्या सीटवर पावाच्या खोक्यांमध्ये चेपून झोपलेलं आठवतं. औषधाचा आणि ताज्या पावाचा मिळून जो वास यायचा, तो तिला पुन्हा कुठं मिळाला नाही म्हणते. साडूचा मुलगा पैजेवर सांगतो की गाडी निळी होती. कुणीही समजावलं तरी ऐकत नाही.

शेवटी तळ गंजून पायाखालचा रस्ता दिसायला लागला, तेव्हा गाडी भंगारात द्यावी लागली. दोघं साडू तिला सोडायला गेले. शिंप्यानं सीटची कव्हरं काढून घेतली. साडू म्हणाला, आता यांचं काय करणार? शिंपी म्हणाला, काही नाही, पण भंगारवाल्याला देववत नाहीत. दोघं बसनं परत आले.

त्यानंतर दोघांनीही आपापली वेगळी गाडी घेतली. हातात तेवढे पैसे आले होते. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला पहिल्यांदाच दोन गाड्या एकामागून एक निघाल्या. पुढे साडू, मागं शिंपी. पोरं परस्पर येणार होती. गावाची वेस ओलांडली, थोडं पुढं गेल्यावर साडूची गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. शिंप्याला वाटलं पंक्चर. तोही थांबला.

साडू उतरून आला, थोरलीच्या बाजूचं दार उघडून म्हणाला, "ताई, तुम्ही जरा तिकडं बसता का, हिच्याजवळ? मला एकटं बोलून बोलून कंटाळा आला."

"धाकटी आहे की शेजारी!"

"ती ऐकत नाही."

थोरली पर्स घेऊन उतरली. पुढच्या गाडीत धाकटी स्टिअरिंगमागं सरकून बसलीच होती. बहीण बसायचाच अवकाश, ती निघालीसुद्धा. साडू शिंप्याशेजारी बसला, पोट सामावेपर्यंत सीट मागं सरकवली आणि पट्टा लावला.

"काय म्हणत होता?" शिंप्यानं विचारलं.

"कधी?"

"एकटं बोलत होतात ते."

"हां, ते. सुरुवातीपासून सांगावं लागेल."

"सांगा," शिंपी म्हणाला, आणि त्यानं गाडी सावकाश रस्त्यावर घेतली. बहिणी वळणापलीकडं दिसेनाशा झाल्या होत्या. ते पोचेपर्यंत त्या दोघी हातपाय धुऊन जेवायलाही बसल्या होत्या.